आजीची लुगडी फाडावीत का? (वाकळ / गोधडी, सातारा)

वेण्णाकाठ
१४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

संक्रांत झाल्यावर माहेरी, वाईजवळच्या गावी, जुनं घर आवरायला घेतलं. माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक निघाली. झाकण उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास, मग पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा कागद, आणि त्याखाली पाच नऊवारी लुगडी. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा, दोन रोजच्या वापरातली सुती. आईची वायलची दोन पातळंही होती, बारीक फुलांची. आणि तळाशी उशीच्या अभ्र्यात दाबून भरलेली पोलक्यांची कापणं. ती कशासाठी जपून ठेवली होती हे मला सांगावं लागलं नाही. आजीच्या हातची वाकळ पांघरूनच आम्ही सगळी भावंडं वाढलो. ती वाकळ आता उरलेली नाही.

तर मला वाकळ करायची आहे. वरचा थर मशीनवर चौकोन जोडून आणि बाकी सगळं हातानं धावदोरा घालून. हिशेब मांडला आहे: पाच इंचाचा चौकोन कापायचा, दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत गेला की साडेचार इंच उरतो. आडवे १२ आणि उभे १८ असे २१६ चौकोन लागतील. म्हणजे साडेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब.

अडचण अशी आहे की लुगड्याला कात्री लावायला हात होत नाही. म्हणून जुन्या वळणाच्या छपाईचं नवं सुती कापड आणलं. बारीक बुट्टी, मोगऱ्याच्या कळ्या, फिकट पिस्ता, गुलबक्षी, हळदी. लांबून आईच्या पातळासारखंच दिसतं. वरचा सगळा थर या नव्या कापडाचा करावा आणि लुगडी ट्रंकेत तशीच ठेवावीत, की दोन्ही एकत्र करावं? आणि आत कापडाचे किती पदर, म्हणजे थर, घालावेत? जाणकारांनी कृपया सांगा.

शिलाईमशीन
१४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

छान धागा. मलाही करायची आहे, वाचत राहीन.

सुईदोरा_खटाव
१५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, चाळीस वर्षं वाकळा शिवतेय, म्हणून अधिकारानं लिहिते.

कात्री लावायला हात होत नाही म्हणता, तर कात्री लावूच नका. लुगडं फाडायचं असतं. काठाशी बोटभर कातरायचं, दोन्ही हातांत दोन्ही बाजू धरायच्या आणि ओढायचं. सुती कापड दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटतं, पट्टी लावून कापलेलंसुद्धा इतकं सरळ येत नाही. आणि फाडताना कापड तुम्हाला स्वतःची तब्येत सांगतं. चर्रर्र आवाज करत सरळ गेलं तर जीव आहे. रेषा सोडून तिरकं, आवाज न करता सुटलं तर ते कापड मेलं. ते वर लावायचं नाही, आतल्या पदरात घालायचं.

फाडायच्या आधी लुगडं उजेडासमोर धरा. बसायची जागा आणि कासोट्याचा भाग विरलेला असतो, तिथून उजेड आरपार येतो. पदराजवळचं आणि निऱ्यांतलं कापड धड असतं. धड असलेलं बाजूला काढा, त्यातून तुमचे चौकोन निघतील. विरलेलं वाया जात नाही. तेच मऊ असतं, आत तेच हवं.

नवं कापड एकटं लावलंत तर वाकळ अंगाला लागणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं ती चादरीसारखी कडक राहील. जुनं एकटं लावलंत तर गळ्याशी आणि पायाशी लवकर फाटेल, कारण पांघरताना आपण तिथंच धरून ओढतो. म्हणून नवं कडेला आणि डोक्यापायथ्याच्या दोन-दोन ओळींत, जुनं मध्ये. रंग बघून जागा ठरवायची नाही, बळ बघून ठरवायची. रंग त्याच्यामागून आपोआप बसतो.

नवं कापड आधी धुऊन घ्या. त्यातली खळ जाते आणि आटायचं ते आटून जातं. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटेल, जुनं आटणार नाही, आणि वाकळीला फुगे येतील.

पाटणकर_कोयना
१५ फेब्रुवारी, दुपारी १:०५

पदर किती, याबद्दल थोडं. आमच्या घरी सात पदरी वाकळ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझे वडील आठ वर्षांचे होते. त्यानंतर कितीतरी रात्री घरात झोपायला कुणी तयार नव्हतं, सगळे अंगणात. डिसेंबरातली आमच्या खोऱ्यातली थंडी माहीत असेलच. तीन पोरं त्या एका वाकळीखाली झोपत. वडील सांगतात की ती इतकी जड होती की एकदा अंगावर आली की कूस बदलता येत नसे, आणि त्या वजनामुळंच पोरांना झोप लागायची. घराबाहेरच्या भीतीवर तेवढं एक ओझं अंगावर असणं बरं वाटायचं.

साताऱ्यात घरात पांघरायची असेल तर सात नकोत. चार पुरे.

हळदीचा_वास
१५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मी सांगलीची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. कपाट उघडताच आलं नाही, लाकूड फुगून दारं घट्ट बसली होती. पाणी उतरल्यावर अंथरुणं बाहेर काढली. कापसाच्या दोन्ही गाद्या आणि विकतची एक रजई टाकून द्यावी लागली. कापूस आत गोळा झाला होता, चिखल त्यात मुरला होता आणि चौथ्या दिवशी वास सुटला.

सासूबाईंच्या दोन वाकळा मात्र वाचल्या. त्यांच्यात कापूस नव्हताच, नुसती लुगड्यांची आणि धोतरांची घडी. टाके बोटाच्या पेरापेराएवढ्या अंतरावर, त्यामुळं आतला एकही पदर सरकला नव्हता. भिजलेली एक वाकळ उचलायला आम्ही चौघं लागलो. गच्चीवर नेऊन पाण्याच्या नळीनं धुतली, उताराकडं तोंड करून पसरली, पाय देऊन पाणी काढलं. पाच वेळा धुतल्यावर स्वच्छ पाणी आलं. वाळायला चार दिवस लागले आणि रोज उलटवावी लागली.

आत काय घालायचं ते यावरून ठरवा. कापूस किंवा विकतचं भरण घालू नका. जुन्या कापडाचेच पदर घाला आणि टाके जवळ जवळ घाला.

इरकली_काठ
१६ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

जतचा आहे, आणि इथं मला विरोध नोंदवायचा आहे.

इरकली लुगडं फाडण्याआधी एकदा त्याचा पदर नीट बघा. इरकलीचं अंग आणि पदर यांचे उभे धागे वेगळे असतात. अंग सुती, पदर रेशमी लाल, आणि दोन्ही ताणे एकमेकांत फासे घालून जोडलेले असतात. त्या जोडाला टोपतेणी म्हणतात. तो जोड हातानं केलेला असतो, एकेक धागा घेऊन. तुमच्या चौकोनांच्या हिशेबात तो जोड पाच इंचावर तोडला जाईल आणि पुन्हा कुणाला कळणारही नाही की इथं काही होतं.

माझी विनंती आहे की इरकली लुगडी फाडू नयेत. सुती लुगडी आणि पोलक्यांची कापणं यांची वाकळ करा.

सुईदोरा_खटाव
१६ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण मग एक मधला रस्ता सांगते, आमच्यात पूर्वी तोच होता.

नऊवारी म्हणजे नऊ वार, मीटरमध्ये सव्वाआठच्या आसपास. ते लांबीत चार घड्या घातलं की सव्वासहा नाही, सात नाही, पावणेसात फुटाची घडी येते, रुंदी काठापासून काठापर्यंत. एकही तुकडा न पाडता चार पदरांची एका माणसाची वाकळ अंथरलेली दिसते. आम्ही पदर वरच्या घडीला येईल असंच घडी घालत असू. मग चारी कडेनं शिवायचं आणि मधे धावदोरा. लुगडं अख्खंच राहतं. पुढं कुणाला वाटलं तर टाके उसवून परत लुगडं मोकळं करता येतं. माझ्या चुलत सासूबाईंनी एकदा तसं खरंच केलं होतं, मुलीच्या बाळंतपणात दुपट्यांना मऊ कापड हवं होतं म्हणून.

वेण्णाकाठ ताई, एक इरकल असं अख्खं आत घाला. दुसरं ठेवा. वर चौकोन.

दूरदेशी
१७ फेब्रुवारी, पहाटे ४:१५

मूळची मिरजेची, आता अमेरिकेत. इथं मी दर शनिवारी एका क्विल्ट शिवणाऱ्या बायकांच्या गटात जाते, त्यामुळं हा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही आणलेल्या "जुन्या वळणाच्या" कापडासारखं कापड इथं मुद्दाम छापलं जातं. त्यामागची गोष्ट अशी. इथं पीठ, साखर आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत यायचं. बायका ती पोती उसवून, धुऊन त्यांचे कपडे आणि क्विल्ट करत. हे गिरण्यांच्या लक्षात आल्यावर १९२०-३० च्या दशकांत पोत्यांवरच फुलं छापायला सुरुवात झाली. मंदीच्या काळात तर त्याला फार महत्त्व आलं. एका झग्याला एकाच छपाईची तीन-चार पोती लागत, म्हणून नवरा खाद्य आणायला निघाला की बायको हातात नमुन्याचा तुकडा द्यायची. पुढं कागदी पिशव्या स्वस्त झाल्या आणि ही पोती गेली. आता त्याच फुलांची, त्याच फिकट हिरव्या-जांभळ्या रंगांची नवी छपाई दुकानात मिळते आणि बायका त्यातून आजीच्या क्विल्टसारखे क्विल्ट करतात.

ते बघताना मला नेहमी वाटतं की मिळेल ते वापरण्यातून जे सौंदर्य आलं, ते आता विकत घेऊन परत आणावं लागतं. तुमच्याकडं ते ट्रंकेत आहे. सुईदोरा काकू म्हणतात तसं मिसळून करा.

दोन कामाच्या गोष्टी. पहिली: खूप जुन्या काळ्या आणि गडद तपकिरी कापडापासून सावध राहा. तो रंग लोखंडाच्या क्षारांनी आणला असेल तर धागा आतून खाल्ला जातो. इथल्या जुन्या क्विल्टमध्ये बाकी सगळे तुकडे धड आणि तपकिरी फुलं तेवढी झडून गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. तुमची चंद्रकळा नीट तपासा. दुसरी: चौकोन जमिनीवर मांडून झाले की मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की उजळ आणि गडद तुकडे कुठं एका जागी गर्दी करून बसलेत ते लगेच दिसतं.

एक प्रश्नही आहे. इथं धावदोरा मध्यापासून सुरू करून कडेकडं जातात, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर सरकतं. तुम्ही कडेनं का सुरू करता?

सुईदोरा_खटाव
१७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आमच्याकडं वाकळीला ताण देणारी चौकट नसते, जमीन असते. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेल्या कळश्या ठेवायच्या, पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढायच्या, मग सगळीकडं बोटबोटभर लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. इतकं झालं की कापड सरकत नाही. मग चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेनं आत आत येतात, शेवट मधे. मधून सुरू केलं तर चौघींना बसायला जागाच नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही अशाच कडेनं आत जातात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय त्यांची गोधडी उघडी समजतात.

पण तुम्ही एकट्या शिवणार असाल तर मधून सुरू केलं तरी चालेल. कच्चे टाके मात्र चुकवू नका.

सुई लांब आणि मध्यम जाडीची घ्या. दाभण नको, ते पोत्यासाठी. जुन्या कापडाला दाभणाची भोकं पडतात आणि तिथूनच ते फाटतं. दोरा हातभरच घ्या, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि घासून घासून शेवटचा भाग कमकुवत होतो. मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवाच.

वेण्णाकाठ
९ मार्च, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काम सुरू केलं, आणि एक चूक झाली ती इथं लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही.

पोलक्यांच्या कापणांत एक खणाचा तुकडा होता आणि एका इरकलीच्या फाटलेल्या पदराची लाल पट्टी होती. सुती लुगड्याचा रंग तपासला होता: ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर तांब्या ठेवून रात्रभर. काही लागलं नाही. म्हणून लाल पट्टी न तपासता तिचे चार चौकोन लावले. वरचा थर पूर्ण झाल्यावर एकदा भिजवला. दहा मिनिटांत पिस्ता रंगाच्या चौकोनांवर गुलाबी ओघळ.

मैत्रिणीनं सांगितलं मीठ टाक. टाकलं, काहीच उपयोग झाला नाही. मग दूरदेशी ताईंना संदेश पाठवला. त्यांनी सांगितलं की एकदा रंगवून झालेल्या कापडाचा रंग मीठ किंवा व्हिनेगरनं पक्का होत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळू देऊ नका. वाळला की डाग बसलाच. टाकीत भरपूर पाणी घेऊन, साबण घालून, तासातासानं पाणी बदलत रात्री दोनपर्यंत बसले. नवव्या पाण्याला लाली गेली. तीन चौकोनांवर अगदी पुसट सावली राहिली आहे. ते उसवणार नाही. लाल चार मात्र काढले आणि त्या जागी आईच्या पातळाचे लावले.

चंद्रकळेबद्दल ताईंचं बरोबर निघालं. नखानं हलकं ओढलं तर घडीच्या रेषेवर धागे तुटून आले.

शिलाईमशीन
१० मार्च, सकाळी ९:००

बाप रे, नऊ पाणी! पण लिहिलंत ते फार बरं केलंत.

हातशिवणीला वेळ नसेल तर दारावर येणाऱ्या बायकांकडून करून घेतली तर चालेल का? आमच्या कॉलनीत दरवर्षी येतात.

हळदीचा_वास
१० मार्च, दुपारी १२:४५

चालेल, पण मजुरीत घासाघीस करू नका, ही हात जोडून विनंती. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत दोघी आल्या होत्या. उन्हात पायरीवर बसून दोन दिवस एक मोठी वाकळ शिवली. घर ज्यांचं होतं त्यांनी ठरलेल्या पैशांतले दोनशे कमी दिले, कारण काय तर टाके एका ओळीत नाहीत. मी जवळून पाहिले होते ते टाके. ओळ किंचित वळली होती ती आतल्या एका ठिगळाला वळसा घालून, म्हणजे जाड जागी सुई अडकू नये म्हणून. ते कौशल्य होतं. मला तेव्हा बोलता आलं नाही, अजून टोचतं.

शिवून घ्या, चहा-पाणी, सावली द्या, आणि बोललेले पैसे पुरते द्या.

इरकली_काठ
१० मार्च, संध्याकाळी ६:१०

अगदी मनातलं लिहिलंत, हळदीचा_वास ताई. आणि वेण्णाकाठ ताई, दुसरं इरकल जरूर ठेवा. ते घडी करून वर्षानुवर्षं तसंच ठेवू नका. दर काही महिन्यांनी घडी वेगळ्या जागी पाडा. रेशीम घडीवरच तुटतं. आणि डांबरगोळी थेट कापडाला लागू देऊ नका.

वेण्णाकाठ
२१ सप्टेंबर, दुपारी ४:२०

वाकळ पूर्ण झाली. सहा महिन्यांहून जास्त लागले.

आत एक इरकल अख्खं, चार घड्यांत, पदर वरच्या बाजूला. टोपतेणीचा जोड गळ्याजवळच्या काठापासून वीतभर खाली येतो, तिथं मी एकही टाका त्यावरून नेला नाही, दोन्ही बाजूंनी शिवलं. इरकल पावणेचार फूट रुंद, वरचा थर साडेचार, म्हणून दोन्ही कडांना साध्या सुती लुगड्याच्या चार-चार पदरी पट्ट्या घातल्या. कडेच्या दोन ओळी चारी बाजूंनी नव्या छिटाच्या, मधे आजीची सुती लुगडी, आईची पातळं आणि कापणं. सगळीकडं मिळून हळदी रंगाचे २३ चौकोन विखुरले आहेत, त्यांनीच ते सगळं एकत्र धरलं.

एकटी शिवायला बसले होते, पण मे महिन्यात कुरडयांच्या वेळी आत्या आली आणि रोज दुपारी वाळवण राखत शेजारी बसून शिवू लागली. तिचा टाका माझ्यापेक्षा अर्धा. वाकळीच्या एका बाजूला टाके बारीक आणि दुसऱ्या बाजूला मोठे आहेत, आणि दोघींना मधे कुठं भेटलो ते बोट ठेवून दाखवता येतं. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत्यानं आत चार जोंधळ्याचे दाणे सरकवले. आजी तसंच करायची म्हणे, मला हे माहीतच नव्हतं.

काल घटस्थापनेच्या आधीचं धुणं होतं, घरातल्या सगळ्या अंथरुणांबरोबर पहिल्यांदा धुतली. रंग गेला नाही, फुगा आला नाही. वाळायला दोरीवर घातली तर दोरी वाकली, म्हणून गच्चीच्या कठड्यावर पसरली आहे.

चंद्रकळा ट्रंकेत आहे, जुन्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून. उरलेल्या मऊ तुकड्यांचं एक दुपटं करायला घेतलं आहे, भाचीला डिसेंबरात बाळ होईल.

सुईदोरा_खटाव
२१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:०५

वाचून डोळे भरले, ताई. वाकळ उलटी करून वाळवा, ऊन आतल्या बाजूला घेऊ दे, वरचा रंग टिकेल. आणि दुपट्याला गाठ बाहेर ठेवू नका, दोन पदरांच्या मधे लपवा, बाळाला टोचते.